गोठवणाऱ्या थंडीत कॅराव्हॅन ट्रेलर: बेळगावातून निघण्याआधी काय बदलायचं आणि काय सरळ बंद ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या उद्यमबागेत बांधून घेतलेला १४ फुटी ट्रेलर आहे. एम.एस. (साध्या पोलादाच्या) बॉक्स पाइपचा सांगाडा, आतून प्लाय, बाहेरून शीट आणि मधे २५ मिलिमीटर थर्माकोल. फ्लोअरखाली ७० लिटरची टाकी, आत सिंक, छोटा गीझर आणि कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी काढून रिकामी करता येते असा संडास. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पुढच्या दांडीवरच्या पेटीत, छपरावर सोलर. जांबोटी, आंबोली, गोकर्ण इथं तो व्यवस्थित चालला. आता जानेवारीत चौघांना मनाली, पुढे सिस्सू आणि जमलं तर काझा करायचं आहे. रात्री उणे १०च्या खाली पारा जाईल. कुठला हीटर घ्यावा?

हीटरचं नंतर बघू. जानेवारीतही आपल्याकडे पहाटे १०-१२ अंशांच्या आसपासच असतं, त्यामुळे बेळगाव-खानापूरच्या थंडीत ट्रेलरची परीक्षा होतच नाही. शून्याखाली तीन गोष्टी एकदम बदलतात: पाणी पाइप फोडतं, हवेतली वाफ भिंतीवर बर्फ होऊन बसते आणि डिझेल, गॅस, बॅटरी नेहमीसारखं वागत नाहीत. खोली उबदार करणं त्यामानानं सोपं आहे, डिझेल जाळलं की झालं. पैसे आणि मेहनत जायला हवी ती ट्रेलर कोरडा आणि श्वास घेता येईल असा ठेवण्यावर. आणि वर्षातून पाच-सहा रात्रींसाठी नळ-टाकी गरम ठेवण्याच्या फंदात पडूच नका. डोंगराच्या पायथ्याशी सगळी पाण्याची लाइन रिकामी करा आणि परत उतरेपर्यंत तिला हात लावू नका.

आधी मार्गाबद्दल, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. काझा यादीतून काढा. मनालीकडून जाणारी कुंझुम खिंडीची वाट हिवाळ्यात बंद असते. उरते ती किन्नौरकडून नाको-ताबोमार्गे जाणारी, आणि जानेवारीत त्या रस्त्यावर सावलीच्या वळणांवर काळा बर्फ असतो, म्हणजे डांबरावरचा पारदर्शक थर, जो दिसत नाही. ट्रेलर जोडून तिथं जाण्यात शौर्य नाही, समोरून बस आली की मागे घेण्यात जो वेळ जाईल तेवढाच अनुभव. बर्फ पडल्यावर सोलंग आणि अटल बोगद्याकडे फोर-बाय-फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात, त्यात ट्रेलरवाल्याला परत फिरवतील हे धरून चाला. म्हणून मुक्काम नग्गर ते मनाली या पट्ट्यात करायचा, ट्रेलर तिथंच उभा ठेवायचा आणि सिस्सूला मोकळ्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत यायचं. जागा शक्यतो होमस्टेच्या आवारात बघा. एक प्लग पॉइंट आणि एक संडास मिळाला तर खाली लिहिलेल्या निम्म्या अडचणी तिथंच संपतात.

पाणी

पाणी गोठताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पाइप बहुतेक मधे फुटत नाही. दोन टोकांना बर्फ झाला की मधल्या पाण्यावर दाब चढतो आणि जो सगळ्यात कच्चा भाग असेल तो जातो: पंपाचं प्लास्टिक हेड, फिल्टरची वाटी, शॉवरचा मिक्सर, गीझरचा सांधा. आपल्याकडच्या ट्रेलरांत मेस्त्री घरातल्यासारखी सीपीव्हीसी लाइन टाकतात. ती गरम पाण्याला चांगली, पण थंडीत ठिसूळ होते आणि वर रस्त्याचे धक्के बसतात. नवी लाइन टाकायचीच असेल तर पेक्स (लवचिक प्लास्टिकची नळी) वापरा, ती थोडी फुगून सावरते. पण त्यातलेही पितळी जोड आणि नळ फुटतातच. मोडतोडीचं चित्र वितळल्यावर दिसतं, गोठलेलं असताना नाही. म्हणजे तुम्ही उतरून चंदीगडला पोचता, पंप चालू करता आणि पलंगाखाली पाणी साचतं.

रिकामं कुठं करायचं? मंडीला. उंचीनं मंडी जवळपास बेळगावएवढीच, पण खूप उत्तरेला, त्यामुळे पहाटे तिथं कडक गारठा असला तरी दिवसा हात चालतात. क्रम असा ठेवा:

१. गीझरची वीज बंद करा, पाणी गार होऊ द्या. मग ड्रेन प्लग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही उघडा. फक्त ड्रेन उघडला तर आत हवा शिरत नाही आणि एक-दोन लिटर पाणी तळाला राहतं.

२. टाकीचा ड्रेन उघडून ट्रेलर किंचित त्या बाजूला कलवा. जॉकी व्हील (पुढच्या दांडीखालचं आधाराचं चाक) दोन-तीन इंच वरखाली केलं तरी पुरतं.

३. टायरचा छोटा कॉम्प्रेसर टाकीनंतरच्या जोडाला लावा आणि दाब २ बारच्या वर जाऊ देऊ नका. सगळ्यात लांबचा नळ आधी उघडा. फवारा थांबून कोरडी हवा येईपर्यंत थांबा, मग पुढचा नळ. गरम आणि गार दोन्ही बाजू, शॉवरची नळी जमिनीला टेकवून, टॉयलेटचा फ्लशही.

४. फिल्टरची वाटी उघडून काढून ठेवा. पंप कोरडाच अर्धा मिनिट चालवा, त्याच्या हेडमध्ये घोटभर पाणी असतं आणि पंप फुटायला तेवढं पुरतं.

५. सिंक आणि बाथरूमच्या पी-ट्रॅपमध्ये (खालच्या पाइपाचा वाकडा भाग, जिथं पाणी साचून राहतं) प्रत्येकी २५० मिलिलिटर प्रॉपिलीन ग्लायकॉल ओता.

शेवटच्या पायरीला गल्लत होते. गाडीच्या रेडिएटरचा कूलंट हा बहुतेक इथिलीन ग्लायकॉल असतो आणि तो विषारी आहे. ट्रेलरच्या पाण्याच्या कुठल्याही लाइनमध्ये तो जाता कामा नये. प्रॉपिलीन ग्लायकॉल औषध आणि खाद्य उद्योगात वापरतात, केमिकलच्या दुकानातून फूड ग्रेड किंवा यूएसपी प्रत सांगून मागवा. ट्रॅपमध्ये थोडं पाणी आधीच असतं, त्यामुळे शुद्धच ओता. निम्मं पाणी मिसळलं गेलं तरी ते मिश्रण उणे ३०च्या आसपास टिकतं.

मग वापरायचं पाणी? २० लिटरचे दोन कॅन, दोन्ही ट्रेलरच्या आत, पलंगाच्या कडेला जिथं हीटरची हवा फिरते तिथं. प्रत्येकात १७-१८ लिटरच भरा. चौघांना पिणं, स्वयंपाक आणि जुजबी भांडी यांना दिवसाला २० ते २५ लिटर लागतं, आंघोळ त्यात नाही. बाटलीच्या जारवर लावतात तो चार्जिंगचा छोटा पंप कॅनवर बसवला की सिंकचं काम निघतं. रात्री झोपताना एक लिटरचे दोन थर्मास गरम पाण्यानं भरून ठेवा, सकाळच्या चहाला आणि दाराचं कुलूप गोठलं तर त्यावर फडकं भिजवून धरायला. कुलपावर थेट पाणी ओतू नका, ते आत शिरून पुन्हा गोठतं.

सिंकचं सांडपाणी खालच्या टाकीत साठवू नका. व्हॉल्व्ह उघडा ठेवून पाइपाखाली बादली ठेवली तरी बारीक धार पाइपातच गोठत जाऊन तो बंद होतो. सिंकमध्ये घमेलं ठेवायचं आणि यजमान सांगतील तिथं ओतायचं, हाच खात्रीचा मार्ग. कॅसेट टॉयलेट वापरायचंच असेल तर खालच्या टाकीत अर्धा लिटर ग्लायकॉल घाला आणि रोज रिकामी करा. झडप अडकली तर जोर लावू नका, रबर सील फाटतं. आत उष्णता सोडा, तासाभरात ती सुटते.

ओल

याच्यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. एक माणूस झोपेत रात्रभरात साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी श्वास आणि घामातून हवेत सोडतो. चौघांचं मिळून दीड लिटर धरा. त्यात स्वयंपाक: एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ लिटर पाणी वाफ होऊन हवेत येतं, हे भाताच्या वाफेशिवायचं. हे पाणी कुठंतरी बसणारच, आणि ते सगळ्यात थंड जागी बसतं.

तुमच्या ट्रेलरमधली सगळ्यात थंड जागा म्हणजे खिडकी आणि सांगाड्याचे पाइप. आत १५ आणि बाहेर उणे १० असेल तर एकेरी अॅक्रिलिकच्या खिडकीचा आतला पृष्ठभाग शून्याच्या खाली जातो. तिथं दव नाही, बर्फच धरतो. सकाळी हीटर वाढवला की तो वितळून चौकटीतून प्लायच्या कडेत उतरतो. एका सहलीत काही कळत नाही. पावसाळ्यात खानापूरच्या हवेत तीच प्लाय फुगते आणि काळे डाग येतात, आणि दोष पावसाला दिला जातो. एम.एस. पाइपचं तसंच: थर्माकोल दोन पाइपांच्या मधे असतो, पाइपावर नाही. त्यामुळे पहाटे आतल्या भिंतीवर सांगाड्याची जाळी ओल्या पट्ट्यांनी उमटते आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर बर्फाचा ठिपका दिसतो.

उपाय अवघड नाहीत. एसीच्या डक्टवर लावतात ती १० मिलिमीटरची नायट्राइल रबर शीट सांगाड्याच्या रेषांवरून आतून चिकटवा, वर लायनिंग. ती वाफ आत शिरू देत नाही, म्हणून फोमपेक्षा चांगली. कडांना अॅल्युमिनियम टेप मारा, नाहीतर वाफ मागून जाऊन तिथं बसते. खिडक्यांना दोन थर: काचेला लागून फॉइल-बबल शीट, खिडकीच्या मापापेक्षा एक सेंटिमीटर मोठी कापून दाबून बसवलेली, आणि त्यावर वाकळ. घरात जुनी असेलच. वाकळेत अडकलेली हवा खरंच काम करते, फक्त ती काचेला थेट टेकू नये, नाहीतर सकाळी भिजलेली मिळेल.

फ्लोअर विसरलं जातं. खाली १२ मिलिमीटर प्लाय आणि त्याखाली थेट वारा, हे आपल्याकडं नेहमीचं. ट्रेलर उचलून खालून २५ मिलिमीटर एक्सपीएस (दाट, कडक फोमची) शीट लावा, खडी लागू नये म्हणून खाली पातळ पत्रा. तेवढं होत नसेल तर आत फोमच्या मॅट आणि वर जाजम टाका. गादीखाली काथ्याची चटई हवीच. गादीचा वरचा भाग अंगानं उबदार आणि खालचा प्लायला टेकून गार असतो, तिसऱ्या दिवशी गादी उलटली तर खाली पाणी दिसतं.

आता उलटी वाटेल अशी गोष्ट. इतकं सगळं बंदिस्त केल्यावर हवा आत-बाहेर होण्यासाठी दोन तोंडं मुद्दाम उघडी ठेवायची: एक खाली दाराजवळ, एक वर छपरावर, प्रत्येक निदान १०×१० सेंटिमीटर, आणि ती रात्रीही बंद करायची नाहीत. गार लागतं म्हणून कोणीतरी त्यात टॉवेल कोंबतोच. त्याला सांगा की बाहेरची उणे १०ची हवा जवळपास कोरडी असते, ती आत येऊन तापली की ओल शोषून घेऊन बाहेर जाते. त्यासाठी हीटरवर तीन-चारशे वॅटचा बोजा पडतो, पडू दे. भिंतीवर आर्द्रतामापक टांगा. आकडा ६०च्या वर राहायला लागला की वरचं तोंड आणखी उघडा. स्वयंपाक झाकण ठेवून, वरचा पंखा लावून. ओले मोजे, टॉवेल आत वाळत घालू नका.

हीटर

आता हिशेब. १४ फूट लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच डब्याचा सगळा पृष्ठभाग साधारण ४२ चौरस मीटर. आजच्या अवस्थेत, म्हणजे थर्माकोल, उघडा सांगाडा आणि एकेरी खिडक्या, दर चौरस मीटरला एका अंशाच्या फरकाला १.८ वॅट गळती धरा. फरक २५ अंशांचा, म्हणजे १,८९० वॅट. हवा खेळती ठेवण्याचे ३४० मिळवा. एकूण सव्वादोन किलोवॅट. वरची कामं केली तर गळती १.४वर येते आणि एकूण १.८ किलोवॅट. चार माणसं झोपेत मिळून तीनेकशे वॅट स्वतःच देतात.

कागदावर २ किलोवॅटचा डिझेल एअर हीटर पुरतो. मी तरी ४ किलोवॅटचा सांगेन, पण उंचीची आपोआप भरपाई करणाराच. कारण मनालीला, २,००० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७८ टक्के असतो. तितकंच डिझेल, कमी ऑक्सिजन, म्हणजे काजळी. भरपाई नसलेला हीटर तीन-चार रात्रींत पांढरा धूर सोडतो, मग पेटायला नकार देतो. उलट ५-८ किलोवॅटचा मोठा घेऊन तो रात्रभर सगळ्यात कमीवर चालवणं हेही चूक, मंद आचेवर काजळी आणखी धरते. रोज झोपण्याआधी १५-२० मिनिटं पूर्ण जोरात चालवला की जळण साफ राहतं.

डिझेल किती? एक लिटरमधून भट्टीची तूट वजा जाता साधारण ८ किलोवॅट-अवर मिळतात. १.८ किलोवॅटनं बारा तास म्हणजे २१.६, म्हणजे रात्रीला २.७ लिटर. दहा लिटरची टाकी तीन रात्री जाते.

बसवताना या जागी चुका होतात. जळणाची हवा आत घेणारा पाइप आणि धुराचा पाइप दोन्ही ट्रेलरच्या बाहेर, एकमेकांपासून लांब. धुराचा पाइप सतत उताराला. त्यात वळण खाली येत असेल तर सगळ्यात खालच्या बिंदूला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर जळणातलं पाणी तिथं साठून गोठतं आणि पाइप बुजतो. फ्लोअरमधून जाताना तो लाकडाला लागू देऊ नका, धातूची चकती आणि ग्लास वूल हवंच. धुराचं तोंड खिडकीखाली किंवा हवेच्या खालच्या तोंडाजवळ नको. रात्री बर्फ पडला तर सकाळी पहिलं काम फावड्यानं त्या तोंडापुढचा बर्फ काढणं. आणि बंद करताना बटणानंच बंद करा. मेन स्विच खाली पाडलात तर पंखा थांबतो, आतली उष्णता कंट्रोल बोर्ड भाजते.

होमस्टेचा प्लग मिळाला तर १ किलोवॅटचा ऑइल हीटर रात्री लावा आणि डिझेलचा पहाटेसाठी राखा. वायर २.५ चौरस मिलिमीटरची, पूर्ण उलगडून, गुंडाळी करून नाही, ती तापते. डोंगरात व्होल्टेज खूप पडतं, हे लक्षात असू द्या.

आत काहीही उघडं जाळायचं नाही. शेगडी नाही, कोळसा नाही, गॅसचा बर्नर ऊब यावी म्हणून नाही, होमस्टेवाल्यानं प्रेमानं दिलेली निखाऱ्याची पाटी नाही. आपल्या पट्ट्यात गल्लीगल्लीत फौजी आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात आहे. लेह-कारगिलकडे राहिलेल्या कुणालाही विचारा, बुखारी (खोली गरम करायची शेगडी) पेटती ठेवून बंद जागेत झोपायचं नाही हे त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. त्याची सुरुवातीची लक्षणं डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं, आणि उंचीच्या त्रासाचीही नेमकी हीच. सिस्सूहून परतल्या रात्री डोकं दुखलं की सगळे म्हणतात उंचीमुळे, पॅरासिटामॉल घेऊन झोप. फरक ओळखायची एक खूण: चौघांचंही एकदम दुखायला लागलं आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर उतरलं, तर ती उंची नाही. सगळ्यांना बाहेर काढा, हीटर बंद, दार उघडं, त्या रात्री ट्रेलरमध्ये झोपू नका आणि त्रास राहिला तर दवाखाना गाठा. अलार्म दोन हवेत. कार्बन मोनॉक्साइडचा उशाच्या उंचीवर, आणि गॅसचा जमिनीपासून हातभर वर, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो.

डिझेल, गॅस, बॅटरी

आपल्या पंपावरचं डिझेल गरम प्रदेशाचं असतं. मानकानुसार ज्या तापमानाला ते फिल्टर तुंबवू शकतं, त्याची कमाल मर्यादा हिवाळी प्रतीला ६ अंश आणि उन्हाळी प्रतीला १८ अंश आहे. प्रत्यक्षात ते त्याहून खाली चालतं, पण उणे १०ला मेण धरून फिल्टर बंद होण्याचा धोका खरा आहे. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं ते याच कारणानं. तुमच्यासाठी नियम साधा: हीटरच्या टाकीत बेळगावचं डिझेल घेऊन जाऊ नका. चाचणीपुरतं इथं भराल ते चाचणी झाली की उपसून काढा. गाडीची टाकीही कुल्लूला पाव भरलेली पोचेल असं बघा आणि तिथल्या पंपावर दोन्ही भरा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना ट्रकवाल्यांचा उपाय बीएस-६ इंजिनला करू नका, इंजेक्टर जातात, शिवाय ती कायद्यानं भेसळ आहे. गाडीला डीईएफ (डिझेलचा धूर साफ करणारं युरियाचं द्रावण) लागत असेल तर ते उणे ११ला गोठतं. गोठल्यानं बिघडत नाही, पण टाकी काठोकाठ भरून ठेवू नका. रेडिएटरमध्ये वर्षभर नळाचं पाणी टॉप-अप केलेलं असेल तर निघण्याआधी कूलंट पूर्ण बदला, निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३५च्या पुढे टिकतं.

घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेनचं प्रमाण बरंच असतं, आणि ब्युटेन समुद्रसपाटीच्या दाबाला उणे अर्ध्या अंशावर उकळतं. त्याखाली सिलिंडर हलवला तर आत गॅस आहे, पण ज्योत पिवळी आणि मरगळलेली. सिलिंडरला आच देणं सोडाच, उकळतं पाणीही नको. कोमट पाण्याच्या टबात तळ बुडवला तरी चालतो. खरं तर प्लग असेल तर इंडक्शन वापरा, ओलीचाही प्रश्न निम्मा होतो.

बॅटरी दांडीवरच्या पेटीतून काढून आत पलंगाखाली आणा, हे काम टाळू नका. लिथियम फॉस्फेट बॅटरी उणे १०ला वीज देते, पण शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची क्षमता गमावते. चांगल्या बीएमएसमध्ये (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटमध्ये) गार असताना चार्जिंग तोडायची सोय असते. स्वस्तातल्यात नसते, विक्रेत्याकडून लिहून घ्या. रात्रीचा हिशेब: हीटर पेटताना चार-पाच मिनिटं ८-१० अँपिअर, नंतर सरासरी २, बारा तासांचे २४ अँपिअर-अवर. पंखा ६, दिवे आणि मोबाइल १०. एकूण ४०. तुमच्या १०० मधून ८० वापरले तर दोन रात्री. सोलरवर विसंबू नका: दरीत ऊन थोडेच तास, आणि पॅनेलवर बोटभर बर्फ असला तरी उत्पादन शून्य. गाडीतून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा आणि त्याला १६ चौरस मिलिमीटरची वायर. ८ मीटर अंतरावर ६ चौरस मिलिमीटरची टाकली तर जाण्या-येण्यात जवळपास दीड व्होल्ट पडतो.

रस्ता आणि उभं करणं

नॅशनल हायवे ४८ बेळगावातून थेट दिल्लीपर्यंत जातो, मनालीपर्यंत सगळं मिळून सव्वादोन हजार किलोमीटरांहून जास्त. इतक्या अंतरात बेअरिंगचं ग्रीस आणि हिचवरचा (गाडीला ट्रेलर जोडायच्या सांध्यावरचा) भार तपासायलाच हवा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा भाग हिचवर ठेवा. पाण्याची टाकी मंडीला रिकामी केली की हा हिशेब बदलतो, टाकी अॅक्सलच्या पुढे आहे की मागे ते बघून सामान सरकवा.

टायरची हवा दर ५-६ अंशांना सुमारे १ पीएसआय उतरते. आपल्याकडच्या ३० अंशांवरून उणे १०ला गेलं तर सात पीएसआय. पण उंचीवर बाहेरचा दाब कमी झाल्यानं गेजवर दोन-तीन पीएसआय वाढलेलेही दिसतात. म्हणून इथून जास्त भरून नेऊ नका, तिथं सकाळी टायर गार असताना मोजा.

उतारावर बर्फ असेल तर ओव्हररन ब्रेकचा (ट्रेलरच्याच ढकलण्यानं लागणाऱ्या ब्रेकचा) ट्रेलर गाडीला मागून ढकलतो आणि नंतरच स्वतः थांबतो. एवढ्यात गाडीचं मागचं टोक सरकलेलं असतं. पहिला गिअर, ब्रेकला हळुवार पाय, चेन गाडीला आणि ट्रेलरच्या ब्रेक असलेल्या चाकांनाही. चेन लावायचा सराव घराच्या अंगणात हातमोजे घालून करा, आणि ट्रेलर मागे घेण्याचा चोर्ला घाटातल्या एखाद्या मोकळ्या जागी.

उभा केल्यावर चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून हँडब्रेक सोडून द्या, नाहीतर ओल्या लायनिंगसकट ब्रेक ड्रमला चिकटून गोठतो. कोपऱ्याच्या जॅकखाली फळ्या, नाहीतर तेही जमिनीला धरतात. दाराच्या रबरांना सिलिकॉन स्प्रे, गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या विजेच्या प्लगला पेट्रोलियम जेली.

इथंच करायच्या चाचण्या

बेळगावात शून्याखालची हवा मिळत नाही, पण आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर उणे १८ला चालतो. ओळखीतल्या दुकानदाराला सांगून पाइपाचा जोड, नळ, दाराच्या रबराचा तुकडा, वापरलेल्या टेपचा आणि सीलंटचा नमुना एक रात्र ठेवा. सकाळी वाकवा, ओढा. जे तडकलं किंवा सुटलं ते बदला. पंपात चमचाभर पाणी ठेवूनही हा प्रयोग करता येतो, फक्त जुन्या पंपावर.

फटींसाठी सगळी दारं-खिडक्या, हवेची दोन्ही तोंडं बंद करून छपराचा पंखा बाहेर फेकेल असा लावा आणि पेटती उदबत्ती पाइपांच्या भोकांजवळ, चाकाच्या पेट्यांजवळ, दाराच्या खालच्या कडेला फिरवा. धूर जिथं आत ढकलला जातो तिथं फट. फ्लोअरमधून वायर जाणारी भोकं बहुतेक उघडीच सापडतात.

आणि आंबोलीला एक रात्र चौघंही दारं बंद करून, तोंडं उघडी ठेवून, हीटर पूर्ण रात्र चालवून झोपा. सकाळी आर्द्रतेचा आकडा, बॅटरीतून गेलेले अँपिअर-अवर आणि खर्चलेलं डिझेल लिहून घ्या. बाहेर १२ अंश असताना खिडकी गळत असेल, तर मनालीला भिंत गळेल.

बरोबर न्यायचे सुटे भाग: हीटरचा ग्लो प्लग (डिझेल पेटवणारा भाग) आणि त्याची जाळी (काजळी आधी तिथंच धरते), जाळी काढायचा खास पाना, डिझेल फिल्टर, दोन मीटर इंधनाची नळी आणि क्लिपा, सगळ्या मापांचे फ्यूज, हिचचा बॉल नट घट्ट करायचा मोठा पाना. मनालीत मेकॅनिक आहेत आणि चांगले आहेत, पण डिझेल हीटरचे भाग तिथल्या बाजारात मिळतील यावर अवलंबून राहू नका, आणि बर्फात अडकलेला कुरियर आठवडाभर येत नाही.